गुडघ्यामागचं तोबिक

माझ्या सासऱ्यांचं नाव एसिरकेप. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नसतं. लिहायला मात्र कुणी मनाई केलेली नाही, म्हणून एकदा लिहून टाकलं. घरात मी त्यांना अताके म्हणते. तीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टर चालवला, पण केगेनच्या पठारावर त्यांना ट्रॅक्टरसाठी कुणी ओळखत नाही. ओळखतात ते त्यांच्या करड्या घोडीसाठी. तिचं नाव तोर्गाय. ती चालते तेव्हा पाठीवर भरलेला पियाला ठेवला तरी चहा सांडत नाही, असं अताके सांगतात. एकदा आम्ही ठेवून पाहिला. सांडला. "चहा पातळ होता," अताके म्हणाले.

या घोडीवर माझ्या वडिलांचा डोळा होता. माझे वडील नुरपेइस, म्हणजे माझे कोके, नदीपलीकडच्या गावातले निवृत्त गुरांचे डॉक्टर. आणि कोकेंच्या साइडकारवाल्या मोटारसायकलवर अताकेंचा डोळा. दोघांनीही हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलले ते नेमके माझ्या लग्नात.

मी पडद्यामागे नवरी होऊन बसले होते. बाहेर मांसाची परात फिरत होती. आणि माझी पाठवणी बाजूलाच राहून मला ऐकू आलं ते हे:

"व्याही, हे बघा." कोकेंनी कोकराच्या मागच्या पायातली गुडघ्याची वाटी सुरीच्या टोकानं अलगद काढली, चोखून साफ केली आणि तळहातावर धरली. "तोबिक. धरता का?"

"कशावर?"

"तुमची तोर्गाय."

"आणि मी जिंकलो तर?"

"माझी मोटारसायकल. साइडकारसकट."

"धरतो!"

तोबिक धरणं म्हणजे ते हाड आयुष्यभर अंगावर बाळगणं. देणारा कधीही, कुठेही मागेल: लग्नात, मयतीत, अंघोळीत. समोरचा चहा निवायच्या आत हाड हातावर ठेवायचं. ठेवता आलं नाही तर पैज गेली. ठेवलं तर मागणाऱ्याची गेली. आणि मागायचं फक्त एकदा. म्हणून शहाणा माणूस मागतच नाही. समोरच्याचं हरवायची वाट पाहतो.

साक्षीला गावातले सगळ्यात वडीलधारे झाकेन आजोबा होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि पैज पक्की झाली. मग कुणाला तरी माझी आठवण झाली.

त्याला नऊ वर्षं झाली.

नऊ वर्षं दर गुरुवारी कोके मोटारसायकल फटफटवत यायचे. आई माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीच गेली होती. ते एकटेच असायचे. पण "लेकीला भेटायला आलो" असं ते कधी म्हणाले नाहीत. दारातून आत येताना त्यांची नजर पहिल्यांदा अताकेंच्या गळ्यातल्या कातडी बटव्यावर जायची.

"काय व्याही, तब्येत?"

"गळ्यातच आहे," अताके म्हणायचे.

"मी तब्येत विचारली."

"मी तब्येतीचंच सांगतोय."

मग दोघं जेवायचे, एकमेकांच्या औषधांना नावं ठेवायचे आणि संध्याकाळी कोके परत जायचे. एकदा त्यांनी बुधवारीच येऊन पाहिलं. अताके मोंचात, म्हणजे आमच्या न्हाणीघरात, वाफेत बसले होते. कोकेंनी फटीतून आवाज दिला, "व्याही, गरम आहे का?" आतून उत्तर आलं, "हं हं." तोंड भरलेलं असल्यासारखं. कारण वाफेत कातडं भिजतं, म्हणून अताके ते हाड गालात ठेवायचे. चिंचोक्याहून जरासं मोठं, नऊ वर्षांत झिजून गुळगुळीत झालेलं. पुढे पुढे सवयच झाली. पोहायचंय? गालात. गवत कापायचंय, बटवा कोयत्यात अडकतो? गालात. माझ्या नणंदेच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत त्यांचा उजवा गाल सुजलेला आहे. दाढ दुखत होती का, असं पाहुणे अजून विचारतात.

सासूबाई, म्हणजे आमच्या एने, एवढंच म्हणायच्या, "माझी अंगठी तिसऱ्या वर्षी हरवलीत. हे मात्र सांभाळताय."

आणि मग गेल्या जूनमध्ये ते हरवलं.

गवत कापून अताके आले, अंघोळ केली, दोन वाट्या कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायले आणि अंगणातल्या लाकडी बाजेवर आडवे झाले. उठले ते ओरडतच.

"सूनबाई! माझा गाल!"

"काय झालं गालाला?"

"रिकामा आहे!"

आम्ही गादी उसवली. उशी झटकली. बाजेखालची माती चाळणीनं चाळली. कुत्र्याचं तोंड उघडून पाहिलं; त्याला वाटलं लाड चाललेत. शेवटी संशय कोंबडीवर आला, कारण ती बाजेखाली होती आणि "चोरासारखी बघत होती". संध्याकाळी तिचं सूप झालं. हाड सापडलं नाही, म्हणजे कोंबडीची बरीच सापडली, ते नाही.

अताके पियाल्यात बघत म्हणाले, "मग एकच उरतं. मी गिळलं."

पुढचे तीन दिवस ते परसाकडे जाताना काठी घेऊन जात होते. त्याबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही.

एने या सगळ्यात धाकट्या सांजारसाठी तुमार शिवत बसल्या होत्या. तुमार म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून खांद्यावर शिवतात तो तिकोनी ताईत. सांजार माझं तिसरं. तेव्हा नुकताच रांगत होता. "एने, तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. त्यांनी दातानं दोरा तोडला. "मला काय वाटणार? मी बाईमाणूस."

त्या गुरुवारपासून अताके बटव्यात जर्दाळूची बी घालून बसू लागले. कोके बघायचे, अताके बटवा थोपटायचे. तोर्गाय गोठ्यात खिंकाळली की अताके जेवण अर्धंच टाकून उठायचे. ते वाळले. रात्री तिच्या मानेला हात लावून उभे राहायचे आणि "माफ कर" म्हणायचे.

शरदात त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागला. त्याच सुमाराला क्ष-किरणांची गाडी गावात आली. सोबत अक्मराल नावाची तरुण डॉक्टरीण. ती पठारावरच्या चाळिशीपुढच्या सगळ्यांचे गुडघे मोजत होती.

"मोजायचं काय त्यात? प्रत्येकाला दोन," अताके म्हणाले.

"आजोबा, काहींच्या गुडघ्यामागे एक बारीक जादा हाड असतं. कुणाला असतं, कुणाला नसतं. ते आपल्याकडे किती जणांना आहे ते बघतेय."

मी त्यांना गाडीत चढवलं. थोड्या वेळानं अक्मरालनं फिल्म उजेडासमोर धरली. मांडीचं हाड, नळीचं हाड, पुढे वाटी. आणि मागे, सगळ्यांपासून वेगळा, एक पांढरा ठिपका. चिंचोक्याहून जरासा मोठा.

"हे बघा. तुमच्यात आहे!"

अताके आधी फिल्मकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सूनबाई. सापडलं."

"अताके, तसं नाही..."

"तिथे जाऊन बसलंय! म्हणून दुखत होतं!"

अक्मराल गोंधळली. "आजोबा, हे स्नायूच्या दोरीत आपोआप तयार होतं. वय वाढतं तसं दिसायला लागतं."

"मुली, तू शिकलेली आहेस. पण गिळलं मी आहे."

"पोटातली वस्तू गुडघ्यात जात नाही हो!"

"पोटातली कुमिस डोक्यात जाते की नाही?"

ती पुढचं नाव पुकारायला वळली. अताकेंनी पुढे वाकून हळूच विचारलं, "वेळ पडली तर बाहेर काढता येईल?"

"येतं, पण त्रास फार नसेल तर कशाला..."

"आत्ता नको. मागितल्यावर."

त्या दिवसापासून बटवा खुंटीला आणि फिल्म बगलेत. गुंडाळी करून, लाल रिबीन बांधून. जेवताना मांडीवर, नमाजाला शेजारी, मोंचात प्लॅस्टिकच्या पिशवीत. माणूस पुन्हा फुलला. लंगडत चालायचे, पण ऐटीत.

गुरुवारी कोके आले. दारातच थांबले. गळा मोकळा. बगलेत गुंडाळी. गुरांच्या डॉक्टरनं चाळीस वर्षं मुक्या जनावरांचा आजार ओळखलाय. व्याह्याचा ओळखायला त्यांना पियालाभर चहा पुरला.

"तब्येत कशी व्याही?"

"गुडघ्यात आहे," अताके म्हणाले.

जाताना कोकेंनी गोठ्यात डोकावून तोर्गायच्या पाठीवरून हात फिरवला. मोजमाप घेतल्यासारखा. मी त्यांच्यामागे धावले.

"कोके, मागणार आहात?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"घोडी गेली तर ते मरतील."

"आणि मोटारसायकल गेली तर मी काय नाचू? बाळे, पैज ही पैज." आणि फटफट करत निघून गेले. मी मध्येच उभी. एकाची लेक, एकाची सून, आणि कुणीच विचारत नाही अशी.

सांजार पहिलं पाऊल टाकायला लागला तेव्हा आम्ही दोरी कापायचा समारंभ ठेवला. पोराचे पाय काळ्या-पांढऱ्या दोरीनं बांधतात आणि गावातली सगळ्यात झपझप चालणारी बाई ती कापते, म्हणजे पोर तिच्यासारखं चालतं. पन्नासएक माणसं आली. अक्मराललाही बोलावलं होतं. ती नदीच्या दोन्ही काठच्या गावांतले सगळे गुडघे संपवून यादी घेऊन आली होती. दोरी कापली, सांजार चार पावलं चालला, पाचव्याला बसला. एनेंनी त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि जेवण होईपर्यंत सोडलं नाही. एक हात त्याच्या खांद्यावर.

परात आली, मांस झालं, चहा ओतला. तेव्हा कोके उभे राहिले.

"झाकेन आजोबा, साक्षीला या." त्यांनी हात पुढे केला. "व्याही. माझं तोबिक."

पन्नास माणसं चावायची थांबली. अताकेंसमोरच्या चहातून वाफ निघत होती.

अताके उठले. गुडघा कटकन वाजला. "ऐकलंत? बोललं!" ते म्हणाले, रिबीन सोडली आणि फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली. "हे घ्या."

"हा फोटो आहे."

"फोटोत काय आहे?"

कोकेंनी चष्मा लावला. सवयीनं फिल्म सरळ केली, कारण अताकेंनी उलटी धरली होती. "वाटी पुढे असते. हे मागे आहे."

"आत गेल्यावर फिरलं."

"मेंढीच्या गुडघ्यामागे मी चाळीस वर्षांत असलं हाड पाहिलेलं नाही. हे कुणाला असतं सांगू, व्याही? कुत्र्याला!"

हशा पिकला. अताके लाल झाले. पण हळूच विचारलं, "आणि लांडग्याला?"

कोके चष्मा काढून पुसायला लागले. माझे वडील काहीही करतील, पण जनावरांबद्दल खोटं बोलणार नाहीत.

"बोला ना डॉक्टर. लांडग्याला?"

"...असतं."

"मग लांडग्याचं म्हणा!" परातीभोवती "वा!" झालं. झाकेन आजोबांनी हात वर केला. "गप्प. चहा निवतोय. डॉक्टरीणबाई, तू सांग. हे हाड गिळलेलं की याचं स्वतःचं?"

अक्मराल यादी घेऊन उभी राहिली. बिचारी घामाघूम. "स्वतःचंच, आजोबा. काही देशांत शंभरात दहाजणांना असतं, काहींत त्याहून कमी. आपल्या बाजूला, आशियात, बरंच जास्त. म्हाताऱ्यांत तर आणखी. मी इथे अठ्ठ्याऐंशी जण तपासले. चौतीस जणांच्यात निघालं."

"चौतीस!" कोकेंनी टाळी वाजवली. "म्हणजे चौतीस जणांनी तोबिक गिळलं? गावात कोकरू तरी शिल्लक राहिलं असतं का? संपलं! तोर्गायला खोगीर घाला!"

अताकेंचा हात खाली आला. फिल्म आपोआप गुंडाळली गेली. इतकं लहान झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एनेंचा हात सांजारच्या खांद्यावरून खिशाकडे गेला.

"नुरपेइस आजोबा," अक्मराल चाचरत म्हणाली, "चौतिसांत तुम्हीपण आहात. तुम्ही कागद न्यायला आलाच नाहीत."

"मी?"

"दोन्ही गुडघ्यांत."

मग अताके सावकाश वळले.

"दोन. व्याही, दोन! हे कुणाकुणाचं धरून बसलाय?"

छप्पर उडेल असा हशा. आणि लगेच प्रत्येकाला स्वतःचं कळायला हवं झालं. "माझ्यात आहे का गं?" "माझ्यात?" ज्यांच्यात होतं ते छाती काढून बसले. ज्यांच्यात नव्हतं ते म्हणाले, यंत्र जुनं आहे. दोरी कापणारी झपझप बाई निघाली बिनहाडाची. तिनं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं.

झाकेन आजोबांनी शेवटी विचारलं, "आणि माझ्यात?"

"नाही, आजोबा."

"चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे मी! असं कसं नाही?"

"नसतं काहींना."

आजोबांनी पियाला बाजूला सारला. ते फारच दुखावले होते आणि निकालही तसाच दिला. "मागणाऱ्यानं मागितलं, त्याचा हक्क संपला. धरणाऱ्यानं दाखवलं, पण हातावर ठेवलं नाही. ज्याचं त्यानं सांभाळा. घोडी इकडे, मोटारसायकल तिकडे. खेळ खलास. मला हाडांचा रस्सा द्या, तेवढा तरी माझ्या वाट्याला येऊ दे."

अशी तोर्गाय वाचली. अताकेंनी त्या दिवशी तिला साखर चारली.

पुढचा गुरुवार आला. एनेंनी सवयीनं कोकेंचाही पियाला मांडला. मोटारसायकलचा आवाज आला नाही.

"पंक्चर झालं असेल," अताके म्हणाले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी ते जेवायच्या आधी फाटकापाशी तीनदा जाऊन आले. "या रस्त्याला खड्डे फार झालेत," ते स्वतःशीच म्हणाले. मी कोकेंना फोन केला.

"येताय का?"

"कशाला? मागायचं संपलं माझं." फोनमागे एकच बशी धुतल्याचा आवाज.

मी जेवणावर हे सांगितलं. अताके भाकरीचा तुकडा बोटात फिरवत राहिले. तेव्हा एने उठल्या, सांजारला धरला, खिशातून कात्री काढली आणि त्याच्या खांद्यावरचं तुमार उसवलं. आतून काहीतरी टक् करून ताटात पडलं.

चिंचोक्याहून जरासं मोठं. गुळगुळीत.

अताकेंच्या तोंडून सगळे शब्द एकदम फुटले. "तू... हे... कुठे..."

"घोरत होतात. तोंड हे एवढं उघडं. हाड गालातून जिभेवर आलेलं. गुदमरला असता माणूस, म्हणून काढून घेतलं."

"आणि सांगितलं नाहीस!"

"सांगणार होते. पण उठल्या उठल्या मला काय ऐकवलंत? 'बाईमाणसानं झाडून टाकलं असेल.' म्हटलं, बरं. शोधा."

मला ते वाक्य आठवत नव्हतं. अताकेंना लख्ख आठवलं. ते खाली बघू लागले.

"आणि कोंबडी?"

"अंडी देत नव्हती."

"घोडी गेली असती तर?"

"पोर मांडीवर होतं, कात्री खिशात होती. आणि तुमचा चहा," एने म्हणाल्या, "मी मुद्दाम उकळता ओतला होता."

अताके बराच वेळ ते हाड तळहातावर फिरवत राहिले. मग उभे राहिले, यावेळी गुडघा वाजूनही त्याच्याकडे लक्ष न देता. तोर्गायला खोगीर घातलं आणि नदीच्या दिशेनं गेले. संध्याकाळी दोघं बरोबरच परतले: पुढे घोडी, मागे तिच्या चालीनं हळूहळू मोटारसायकल. कोकेंच्या गळ्यात नवा बटवा. या खेपेला तोबिक कोकेंनी धरलंय, मागायचा हक्क अताकेंचा. पैज तीच.

आता गुरुवारी अताके तिकडे जातात. दुखऱ्या गुडघ्यानं, अकरा किलोमीटर. आणि कोके सोमवारी इकडे येतात, कारण "तो माणूस काय डाव रचतोय ते बघायला हवं".

काल दुपारी अताकेंनी मला गोठ्यामागे बोलावलं. इकडे तिकडे बघितलं, आवाज खाली आणला.

"सूनबाई, खरं सांग. तुझे वडील झोपताना तोंड उघडं ठेवतात की मिटून?"